थोडा वेळ तू धर

या पेजवरच्या निम्म्या गोष्टी वाचून मला हसू येतं, हे आधीच सांगते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाचं झाड. आमच्या घरात असलं काही बोलायचीही सोय नव्हती. बाबांनी ऐकलं असतं तर आधी तासभर विज्ञान शिकवलं असतं आणि मग जेवू दिलं असतं.

म्हणून मी तीस वर्षं गप्प बसले.

पण जे झालं ते खरं आहे. माझ्यासोबत झालंय, आणि तेही दिवसाढवळ्या.

तारीख १६ जानेवारी १९९४. रविवार. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. ठिकाण लखनौ, तेलीबाग.

माझं नाव विजया. आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा, म्हणजे देवानंद, केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते. बदली झाली म्हणून आम्ही सगळे लखनौला गेलो. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठा चंद्रशेखर. मी त्याला दादा म्हणते. तो एका कंपनीत सेल्समध्ये होता.

आणि आई. सुभद्रा.

आई त्या जानेवारीत नव्हती. ऑक्टोबरमध्येच गेली होती, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर चार दिवसांनी.

तिला कातडी कडक होण्याचा आजार होता. लखनौच्या पहिल्याच थंडीत तिची बोटं निळी पडायला लागली. आम्हाला वाटलं, थंडीनं होत असेल. मग बोटं वाकेनाशी झाली. मग हात, मान, चेहरा. कातडी इतकी ताणली गेली की तोंडसुद्धा नीट उघडेना. शेवटी शेवटी मी तिला चहाच्या चमच्यानं पेज भरवायची. तिला हाक मारता यायची नाही. काही हवं असलं की ती तोच चमचा दोन्ही मनगटांत धरून लोखंडी खाटेच्या दांडीवर वाजवायची.

टक्... टक्... टक्...

आठ महिने मी त्या आवाजावर धावले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. कारण शेवटच्या रात्री काय झालं तेही मला सांगायचंय.

त्या रात्री चमचा वाजला. मी गेले. आईनं पाणी मागितलं नाही, काहीच नाही. ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "विजू, हात धर माझा थोडा वेळ." आणि तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला.

तो हात गार होता. टणक होता. त्यात माझ्या आईचं काहीच उरलं नव्हतं.

मला शिसारी आली. मी हात काढून घेतला.

आईनं लगेच तिचा हात रजईत ओढून घेतला. म्हणाली, "जा, झोप."

सकाळी ती गेलेली होती.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांना नाही, दादाला नाही. भन्ते आले, वंदना झाली, नातेवाईक म्हणाले, पोरीनं किती केलं आईचं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती, अजून वाटते.

आता त्या रविवारचं.

घरात तीन महिने कुणी धड बोलत नव्हतं. म्हणून दादानं चोवीस तासांसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला. बाबा सकाळीच चिनहटला सतीश काकांकडे गेले होते. काकांनी तिकडे नवीन घर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघंच होतो.

तेव्हा व्हीसीआर आला की अख्खा मोहल्ला आत येऊन बसायचा. मागच्या वेळी आमच्या बैठकीत पंधरा माणसं होती. आईला आजारात त्याचा फार त्रास झाला. तेव्हापासून आम्ही एक युक्ती काढली होती. खिडकीला रजई ठोकायची, म्हणजे आवाज बाहेर जात नाही आणि टीव्हीवर उजेडही पडत नाही. घरातलं कुणी बाहेर गेलं तर बाहेरून कुलूप लावूनच जायचं. लोकांना वाटायचं, घरात कुणी नाही.

आम्हाला त्या युक्तीचा मोठा अभिमान होता.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की दुपारीही समोरचं घर दिसत नव्हतं. दादानं रजई ठोकली. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. कोळशाची अंगीठी पेटवून बैठकीत आणून ठेवली. मस्त ऊब आली. आम्ही दोघं एका गोधडीत पाय घालून बसलो.

एक कॅसेट विनोदी सिनेमाची होती. ती अर्ध्यात अडकली. दुसरी दुकानदारानं आपल्या मनानं दिली होती, 'बहुत मशहूर है, पुरानी है' म्हणून. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला. वर नावाची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

समुद्राकाठी राहणारं एक जोडपं असतं. नवरा होड्या दुरुस्त करणारा. एक दिवस त्याच्या पाठीवर एक टणक चकती उगवते. मग दुसरी. हळूहळू त्याच्या सगळ्या अंगावर शिंपल्यासारखं कवच चढायला लागतं. बघवत नाही असं दाखवलं होतं. पण खरा सिनेमा त्याच्या बायकोचा होता. ती त्याला सोडून जात नाही. रोज त्याचं अंग पुसते, त्याच्याशी बोलते.

मग एक प्रसंग आला. त्याचा जबडा उघडत नाही. ती त्याला चमच्यानं भरवते.

दादा ताडकन उठला.

"विजू, बंद कर यार. मुझसे नहीं होगा."

"मला पाहायचाय," मी म्हटलं.

"तुला वेड लागलंय का? हे काय पाहून राहिली तू? मी दुसरी कॅसेट घेऊन येतो."

"आण. तोवर मी हीच पाहते."

त्याचे डोळे भरले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं. त्यानं मफलर गुंडाळला आणि गेला. बाहेरून कडी लागली, मग कुलूप. लुगडं मी परत फटीत सारलं.

नेहमीचीच सवय. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सिनेमा पुढे चालू राहिला. नवरा आता पुरता कवचात गेलेला असतो. फक्त उजवा तळवा तेवढा माणसाचा उरलेला असतो. तेवढी एकच मऊ जागा. आतून तो कवचावर ठोकतो आणि बायको जवळ येऊन बसते.

टक्... टक्...

मी सवयीनं उठायला गेले. पण सिनेमाच तो, म्हटलं.

डोकं दुखायला लागलं होतं. रडू दाबल्यामुळे असेल, असं वाटलं. अंग जड झालं होतं. बायको पुढे वाकते आणि आपला हात त्या तळव्यावर ठेवते. कवच मिटायला लागतं. आता ती हात काढणार की नाही, तेच पाहत मी बसले होते.

ती काढत नाही. कवच तिच्या मनगटाशी येऊन मिटतं. ती तिथेच बसून राहते.

मी ओक्साबोक्शी रडले. त्या परक्या बाईला जमलं होतं. ती नुसती बायको होती, मी तर पोटची पोर होते.

टक्... टक्... टक्...

पडद्यावर आता समुद्र दिसत होता. कुणी ठोकत नव्हतं.

मी आवाज कमी केला.

टक्... टक्...

मी सिनेमा थांबवला. चित्र जागच्या जागी थरथरत राहिलं.

टक्... टक्... टक्...

मागच्या खोलीतून येत होता आवाज.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकघर, मागे आईची खोली. आईच्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. आई गेल्यावर त्या दारातून वारा येतो म्हणून बाबांनी तिची लोखंडी खाट त्या दाराला आडवी लावली. खाटेवर नागपूरहून आणलेल्या दोन पत्र्याच्या ट्रंका ठेवल्या. स्वयंपाकघराकडून कडी घातली. तीन महिन्यांत त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं.

'उंदीर असेल,' मी मोठ्यानं म्हटलं.

आणि बत्ती गेली.

टीव्ही विझला. खोलीत फक्त अंगीठीचा लाल उजेड उरला. आता कुठलाच आवाज नव्हता. टीव्हीचा नाही, रस्त्याचा नाही. तेलीबागचा तो रस्ता दिवसभर वाजत असायचा, आणि तेव्हा एक सायकलची घंटीसुद्धा ऐकू येत नव्हती.

फक्त...

टक्... टक्...

मी उठले आणि खाली पडले.

पायांत जीवच नव्हता.  कानात घणघण. मी सरपटत पुढच्या दाराशी गेले. दार ओढलं. कुलूप. हाताच्या मुठीनं वाजवलं. "दादा!" ओरडले. आवाज घशातच राहिला. खिडकीकडे वळले, रजईचं टोक धरून ओढलं. दादानं चांगले मोठे खिळे ठोकले होते. रजई हललीसुद्धा नाही. आणि हलली असती तरी मागे लोखंडी गज होते.

तेव्हा माझं लक्ष अंगीठीकडे गेलं आणि सगळं कळलं.

शाळेत शिकलो होतो. बाबांनी दहा वेळा सांगितलं होतं. बंद खोलीत कोळसा ठेवायचा नाही, विषारी वायू होतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही दोघं शिकलेली पोरं, आणि खोलीची एक फट ठेवली नव्हती. आणि कुलपामुळे शेजाऱ्यांना वाटणार, घरात कुणी नाही. मी आत मरत होते आणि कुणी दार वाजवायलाही येणार नव्हतं.

अंगीठी उचलायचा प्रयत्न केला. हात भाजला. ताकदच नव्हती.

घराला बाहेर जायला आता एकच दार होतं. आईच्या खोलीतलं.

टक्... टक्... टक्...

आवाज तिथूनच येत होता.

मी खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की इथेच पडून राहावं. तिकडे जाण्यापेक्षा हे सोपं आहे. डोळे मिटत होते. ऊब छान वाटत होती.

मग आवाज बदलला.

टकटकटकटक...

आई असं कधीच वाजवायची नाही. एकदाच वाजवलं होतं, मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून झोपले होते तेव्हा.

मी सरपटत निघाले. स्वयंपाकघराची फरशी गार होती, त्यानं थोडी शुद्ध आली. कडीपर्यंत हात पुरेना. भिंतीला धरून कशीबशी गुडघ्यावर उभी राहिले. कडी काढली.

दार ढकललं.

आवाज थांबला.

आत काळोख. आणि वास... खोबरेल तेल आणि कापूर. आईच्या अंगाला मी रोज चोळायचे तो. ती बाटली आम्ही ऑक्टोबरमध्येच फेकली होती.

"आई?" मी म्हटलं.

काहीच नाही.

दाराला आडवी खाट असणार, तिच्यावर ट्रंका असणार. त्या दोन्ही मी एकटीनं हलवणं शक्य नव्हतं. तरी मी हात पुढे करत चाचपत गेले. खाटेची दांडी हाताला लागेल म्हणून वाट पाहत होते.

लागली नाही.

मी थेट दारापर्यंत पोचले. मध्ये काहीच नव्हतं.

अडसर काढायला हात वर केला आणि तोल गेला. डोळ्यांपुढे अंधारी आली. फरशीवर गाल टेकला, एवढं आठवतं. वाटलं, संपलं.

मग कुणीतरी माझा हात धरला.

बोटं वाकत नव्हती. नुसता तळवा आणि ताठ बोटं, माझ्या हाताला दोन्हीकडून दाबून धरलेली. गार. टणक.

मला ओढलं. माझा खांदा फरशीवर घासत गेला. अडसर पडल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि थंडगार हवा तोंडावर आली. धुक्याचा पांढरा उजेड दिसला. मी खोल श्वास घेतला, खोकले, परत घेतला.

कोपरानं पुढे सरकले, अर्धं अंग उंबऱ्याबाहेर आलं. हात अजून मागे, कुणीतरी धरलेला.

डोकं जागेवर आलं, आणि तो हात कुणाचा हे मला कळलं.

मी हात हिसकून घेतला.

परत. दुसऱ्यांदा.

तिनं लगेच सोडला.

मी मागे वळून पाहिलं नाही. गल्लीत सरपटत गेले आणि नालीच्या कडेला उलटी केली.

मागच्या घरातल्या यमुना चाची पाणी टाकायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. "अरे बिटिया, यहाँ काहे पड़ी हो? हाय राम, मुँह तो देखो, एकदम नीला!" त्यांनी मला उचललं, आपल्या शालीत गुंडाळलं. "घर में कौन है?" त्यांनी विचारलं.

मी शाल तोंडावर ओढून घेतली.

दादा पावणेपाचला आला. कॅसेटच्या दुकानापर्यंत गेलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसून होता. "मला घरी यावंसंच वाटेना," एवढंच म्हणाला, आणि माझे पाय धरून रडला. मी त्याला कधी दोष दिला नाही.

बाबा संध्याकाळी आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मी आवाजाचं सांगितलं, वासाचं सांगितलं. हाताचं मात्र सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर आईच्या शेवटच्या रात्रीचंही सांगावं लागलं असतं.

"विजू, कोळशाच्या वायूनं भास होते," बाबा म्हणाले. "मेंदूला हवा मिळत नाही ना. आवाज ऐकू येते, वास येते. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"आणि खाट?"

खाट भिंतीला लागलेली होती. आई असताना जिथे असायची, अगदी तिथे. दोन्ही ट्रंका तिच्यावर जशाच्या तशा.

"तूच सरकवली असशील. जिवावर बेतलं की माणसाला बळ येते."

मग बाबा आणि दादा ती खाट परत दाराला लावायला गेले. दोघांनी मिळून ओढली. हात-दीड हात सरकली आणि दोघं धापा टाकत थांबले. बाबा थोडा वेळ ट्रंकेवर हात ठेवून उभे राहिले.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. त्या विषयावर ते परत कधी बोलले नाहीत.

मार्चमध्ये बाबांची बदली नागपूरला झाली. सामान आधीच गेलं होतं. शेवटच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. दादा बॅगा ठेवत होता. बाबा दिसेनात म्हणून मी आत गेले.

ते आईच्या खोलीत होते. रिकामी खोली. खाटही गेली होती. बाबा मधोमध उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

"सुभद्रा, चल," ते हळूच म्हणाले. "इथं कशाला एकटी राहतेस?"

आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

मी दारातच थिजले. बाबा वळले. डावा हात अंगापासून थोडा दूर, बोटं अर्धवट मिटलेली. ते चालायला लागले, फार हळू. आजारी माणसाला धरून न्यावं तसं, उंबऱ्यापाशी थांबून, परत एक पाऊल टाकून. माझ्याजवळून गेले तेव्हा खोबरेल तेलाचा वास आला.

हाताबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

रिक्षात बाबांच्या डावीकडे जागा होती. मी दादाबरोबर दुसरी रिक्षा केली.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. अजूनही भुतं नसतात असंच सांगतात, माझ्या मुलांनाही तेच शिकवलं. संध्याकाळी विहारापर्यंत चालत जातात, मी सोबत असते. डावा हात तसाच, अंगापासून थोडा दूर. लोकांना वाटतं, अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल. मी नेहमी त्यांच्या उजवीकडून चालते.

मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात, परत येताना, ते रस्त्यात थांबले. दम लागला होता. कपाळावर घाम होता.

"विजू," ते म्हणाले, "मी थकलो आता. थोडा वेळ तू धर."

आणि डावा हात माझ्याकडे केला.

त्या हातात काही नव्हतं. उजव्या हातात भाजीची पिशवी होती.

ते कशाबद्दल म्हणाले, ते मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं.

मी पिशवी घेतली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "राहू दे. तिला अजून जमत नाही."

आणि आम्ही घरी आलो.